ब्रॅकेटमधले नसलेले भोक

मी एक जुनी काच आहे. चांगली जाड, वजनदार, एका कोपऱ्याला फुटलेली. मित्रांनो, अशी गोष्ट सांगताना समोरच्यांना मित्र म्हणायचे असते म्हणून म्हणते, मनापासून म्हणत नाही. तुमच्यापैकी किती जणांनी माझ्यासारखीच्या पोटाखाली बल्ब पेटवला आहे हे मला ठाऊक नाही, पण माझा संशय तुम्हां सगळ्यांवर आहे. ही संशयाची खोड मला एका सरांच्या टेबलावर राहून लागली. त्या खोडीपायी एका मुलीचे वर्ष कसे जायला निघाले होते, ते मी सांगणार आहे. तेव्हा हातातला मोबाईल बाजूला ठेवा.

माझा जन्म वाळूतून झाला. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवतात, तो तापलेला रस सपाट पसरतात, आणि थंड झाला की आम्ही होतो. बोईसरच्या एका काचवाल्याने मला मापात कापले, माझ्या कडा घासून गुळगुळीत केल्या आणि टेम्पोत घालून पालघर-बोईसर रस्त्यावरच्या एका तंत्रनिकेतनात पोचवले. तिथे यंत्र विभागाचे प्रमुख खंडेराव सर होते. त्यांच्या टेबलावर मी बसले. माझ्याखाली सरांनी वेळापत्रक ठेवले आणि पहिल्या बॅचचा शिरगावच्या किल्ल्यावर काढलेला फोटो ठेवला. साखरबाई नावाच्या शिपाईणबाई रोज सकाळी मला ओल्या वर्तमानपत्राने पुसायच्या आणि म्हणायच्या, "काच बघा कशी हाय, तोंड दिसतंय तोंड!" माझे कौतुक झाले ते एवढेच, आणि ते मला पुरत होते.

खंडेराव सर वाईट नव्हते. त्यांना विषय येत होता, तास बुडवलेला मी कधी पाहिला नाही. पण फसवणारी मुले त्यांच्या डोळ्यांत फार खुपायची, आणि एकदा डोक्यात राग शिरला की सर समोर कोण आहे ते बघायचे नाहीत. दोन मुलांच्या ड्रॉइंगच्या शीट सारख्या दिसल्या की दोन्ही टराटरा फाडायच्या. मग ठरलेली शिक्षा: "हीच शीट दहा वेळा काढून आण!" मुले मान खाली घालून जायची आणि एक शीट बघून दहा उतरवून आणायची. नक्कल केल्याबद्दल आणखी दहा नकला. हे माझ्यासारख्या काचेला कळत होते, सरांना कळत नव्हते.

आणखी एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. ड्रॉइंगला ते दर वर्षी तेच एक ब्रॅकेट द्यायचे. ब्रॅकेट म्हणजे यंत्राचा दांडा धरून ठेवणारा लोखंडी आधार. त्याचे चित्र सर फळ्यावर काढायचे, आणि मुलांनी तो आधार समोरून कसा दिसेल, बाजूने कसा, वरून कसा, अशी तीन दृश्ये शीटवर काढायची. सरांना ते ब्रॅकेट तोंडपाठ होते, त्यामुळे तपासायला सोपे जायचे. मुलांना मागच्या मुलांच्या शीट मिळायच्या, त्यामुळे त्यांनाही सोपे जायचे. अशी दोन्हीकडून सोय झाली होती आणि दोन्हीकडून एकमेकांना शिव्या चालू होत्या.

एकदा अशाच एका मुलावर ओरडताना सरांनी लोखंडी पट्टी माझ्या कोपऱ्यावर आपटली. कोपरा उडाला. मुलगा शिव्या खाऊन निघून गेला, सर चहाला गेले, आणि फुटलेली काच टेबलावर बरी दिसत नाही म्हणून पुढे मला काढून स्टोअररूममध्ये भिंतीला उभी केली. सरांना सनमायकाचे नवे टेबल आले. मला कोणी विचारले नाही. वर्षानुवर्षे मी धूळ खात उभी होते, आणि तुम्हांला काय वाटते, मला राग येत नसेल?

तिथून मला सुजितने उचलले. सुजित दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. त्याचे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, घर बोईसरला, आणि घराच्या गच्चीवर एक रिकामी खोली. मुलगा दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड, आणि हाताने काम करायचे म्हटले की त्याच्या अंगावर काटा यायचा. "सर, रद्दी साफ करून देऊ का?" असे विचारून त्याने मला रिक्षात घातले. सरांनी त्याला शाबासकीही दिली.

त्या खोलीत मला पहिल्यांदा 'जीटी' हा शब्द कळला. तो शब्दकोशात सापडणार नाही, पण कुठल्याही तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहात विचारा, सगळे सांगतील. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काच दोन स्टुलांवर आडवी ठेवायची आणि खाली बल्ब पेटवायचा. काचेवर दुसऱ्याने मेहनतीने काढलेली शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, दोन्हींना चिमटे. खालच्या रेषा वर उजळतात. त्यांवरून पेन्सिल फिरवली की झाले. विचार करायचा नाही, मोजायचे नाही. वर पुन्हा "काल तीन शीटची जीटी मारली" असे छाती काढून सांगायचे. खाली बल्ब तापायचा, वर ही मुले कोपर टेकून बसायची, आणि मी मधल्या मध्ये भाजून निघायचे. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारा एक कामगार एकदा डोकावून म्हणाला, "क्या भाई, एक्स-रे निकाल रहे हो क्या?" सगळे हसले. मला हसू आले नाही.

मग एका रविवारी माझ्यावर हेतलची शीट आली. हेतलची ओळख मला तिच्या आधी तिच्या शीटवरून झाली. रेषा बारीक, सारख्या दाबाच्या, कुठे खाडाखोड नाही. मुलांच्या बोलण्यातून बाकीचे कळले. ती विक्रमगडकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. घरची थोडी पावसावरची शेती, आणि दिवाळी झाली की आईवडील वैतरणेकडे वीटभट्टीवर कामाला. ती पालघरला मुलींच्या वसतिगृहात राहायची. वर्गात फारशी बोलायची नाही. सुजितने "जरा बघून देतो" म्हणून शीट मागितली आणि तिने दिली.

पहिला आला भाग्येश. हा शिरगावचा, कोळ्याचा मुलगा. त्याने सकाळीच येऊन आपली शीट उतरवली, बाजूला गुंडाळून ठेवली, आणि डबा उघडला. डब्यात भाकरी आणि आईने तेल सोडून परतलेली सुकट. हेतलची शीट अजून माझ्यावरच होती. पठ्ठ्याने डबा तिच्यावरच ठेवला आणि जेवायला लागला. तेलाचा एक थेंब पडला, नेमका वरून दिसणाऱ्या दृश्यात, ब्रॅकेटच्या तळाच्या सपाट पट्टीवर.

"आयला, गेली रे शीट," तो म्हणाला. रुमालाने पुसले, तोंडाला लावायची पावडर टाकली, खोडरबराने घासले. कागदाची साल निघायची वेळ आली तेव्हा थांबला. डाग वरून जवळजवळ दिसेनासा झाला होता. भाग्येशने हुश्श केले, डबा आवरला आणि कोणाला काही न सांगता घरी गेला.

दुपारी सुजित आणि बाकीचे आले. बल्ब पेटला. मित्रांनो, तेल लागलेला कागद उजेड आरपार सोडतो. त्या डागाच्या जागी छान गोल, लख्ख उजेड पडला.

"अरे, इथे भोक आहे की," सुजित भाग्येशची गुंडाळून ठेवलेली शीट उघडून बघत म्हणाला. "भाग्या काढायला विसरला वाटतं. गाढव आहे."

आणि त्याने कंपास घेतला. कंपासची टोकदार सुई मधोमध रोवली, सुबक वर्तुळ काढले, मध्यरेषा काढल्या. त्याच्यामागून प्रत्येकाने काढले. एकाने तर बाण काढून व्याससुद्धा लिहिला. एकाच्याही मनात आले नाही, की हे भोक फळ्यावर होते का? येईल कसे? फळ्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. मी त्यांच्या पोटाखाली जळत होते, आणि खरे सांगते, मला त्या दिवशी फार आनंद झाला.

तो आनंद टिकला नाही. खंडेराव सरांनी शीट तपासल्या, जवळजवळ सगळ्या बॅचच्या ब्रॅकेटला न दिलेले भोक पाहिले, आणि त्यांचा पारा चढला. कोणीतरी घाबरून गच्चीचे नाव सांगितले. सर रिक्षा करून थेट बोईसरला आले, खोलीत शिरले, मला पाहिले आणि माझा फुटका कोपरा पाहिला. "ही तर माझीच काच!" ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला, की मला त्यांची थोडी कीव आली असती, पण तो कोपरा त्यांनीच उडवला होता, तेव्हा नाही आली.

मला पुरावा म्हणून ड्रॉइंग हॉलमध्ये आणले आणि खिडकीलाच टेकवून उभे केले. त्यामुळे पुढचे सगळे मी डोळ्यांनी पाहिले.

"मूळ शीट कोणाची?" सर गरजले. हेतल उभी राहायला लागली, तेवढ्यात सुजित बोलला. तो आवाज मी गच्चीवर पुष्कळ ऐकला होता. अडचण आली की त्याचा आवाज आणखी मऊ व्हायचा.

"सर, शीट हेतलकडून आली. भोकासकट आली. आम्हांला काय माहीत?"

सरांनी गठ्ठ्यातून हेतलची शीट काढली. तिच्यात भोक नव्हते. पण भोकाच्या नेमक्या जागी कागद घासलेला, खरबरीत, मळका. सरांनी त्यावर बोट फिरवले आणि त्यांना वाटले की सगळे उलगडले.

"अच्छा! म्हणजे मागच्या बॅचच्या कोणाची तरी चुकलेली शीट मिळवलीस, छापलीस, वर्गात वाटलीस. आणि मग चूक लक्षात आल्यावर आपलं तेवढं खोडून मोकळी झालीस. बाकीचे बुडाले तरी चालतील!"

"सर, मी नाय खोडलं," हेतल म्हणाली. "मी भोक काढलंच नाय, तं खोडू काय?"

"मग हे घासलंय कोणी?"

"मला नाय माहीत, सर. शीट परत आली तवा असंच होतं."

"उलट उत्तर देऊ नकोस! चोर ते चोर, वर शिरजोर. तू चोर आहेस, ऐकलंस? या वर्गातली सगळ्यांत मोठी चोर."

सगळ्या वर्गासमोर बोलले. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेले. बाहेर व्हरांड्यात साखरबाई झाडू मारत होत्या, त्यांचा झाडूही थांबला. मग सरांनी निकाल दिला. बाकीच्यांनी शीट दहा वेळा काढून आणायची. हेतलचे टर्मवर्क, सत्रभराचे सगळे काम, मान्य होणार नाही, म्हणजे तिला परीक्षेला बसता येणार नाही, आणि तिच्या आईवडिलांना बोलावून घ्यायचे. वर्ष गेले की वसतिगृहातली जागा जाणार होती. आणि जागा गेली की मुलगी पाड्यावर, आणि दिवाळीनंतर भट्टीवर. हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होते. तास संपल्यावर मुले हेतलच्या बाकाजवळून जाताना तिच्याकडेच रागाने बघत होती. "तुझ्यामुळे दहा शीट," एक जण दात-ओठ खाऊन बोलला. सुजित शिट्टी वाजवत जिना उतरला.

त्याच विभागात स्वाती मॅडम होत्या, नोकरीला नव्या. त्या गोड होत्या असे समजू नका. त्यांच्या तासाला मुले श्वास बेताने घ्यायची. मुले गेल्यावर त्या हॉलमध्ये आल्या आणि सरांशी त्यांचे जे भांडण झाले, ते माझ्यासमोर झाले.

"सर, तुम्ही तिला विचारलं का?"

"विचारलं की. खोटं बोलली."

"तुम्ही आरोप विचारला. ड्रॉइंग विचारलं का?"

"मॅडम, मी या कामात केस पांढरे केलेत. तिकडच्या पाड्यांवरच्या मुलांना समोरचं दृश्य आणि वरचं दृश्य यातला फरक कळायलाच वर्ष जातं. आणि हिची रेष बघा, छापल्यासारखी. हिने स्वतः काढलीय म्हणता?"

"म्हणजे रेष वाकडी असती तर ती कच्ची, आणि सरळ आहे म्हणून चोर. तिने करायचं तरी काय, सर? आणि मागच्यांच्या शीट मिळतात म्हणता, त्या मिळतात कारण तुम्ही दर वर्षी एकच ब्रॅकेट देता."

"तुम्ही मला शिकवू नका."

"आणि नक्कल केली म्हणून दहा नकला काढायला लावता. पुढच्या रविवारी त्या सगळ्या कुठे निघतील सांगू?" मॅडमनी माझ्याकडे बोट केले. "फक्त काच दुसरी असेल."

सरांचे कान लाल झाले. "मी विभागप्रमुख आहे," ते म्हणाले आणि निघून गेले. पण मॅडम हटून बसल्या. उद्या आईवडील येतील तेव्हा त्यांच्यासमोर मी प्रत्येकाला विचारीन, नाहीतर प्राचार्यांकडे लेखी देईन, असा त्यांनी निरोप पाठवला. सरांना ते मान्य करावे लागले. माझ्या समोरून गेले तेव्हा त्यांचे दात खाणे मला ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हॉलमध्ये बसलेला असताना हेतलचे आईवडील आले. वडील चिंधू, आई लाडकी. भट्टीवरून तसेच उठून आले होते. नखांत विटेची माती होती. त्यांना बसायला कोणी सांगितले नाही, म्हणून ते दाराशी उभे राहिले. सरांनी त्यांच्यापुढे शीट धरली आणि तोच शब्द पुन्हा वापरला. तुमच्या मुलीने चोरी केली.

चिंधूला शीटमधले काही कळले नाही, पण तो शब्द कळला. तो हेतलकडे वळला.

"केली काय तू?"

"नाय, बाबा."

"केली आसंल तं आताच सांग. मी घेऊन जातो. चोराचा शिक्का घेऊन शिकायला आपल्याला नाय परवडत."

लाडकी पदर तोंडाशी धरून उभी होती. ती फक्त एवढेच म्हणाली, "पोर खोटं नाय बोलत, साहेब." सरांनी घड्याळाकडे पाहिले.

मॅडमनी हेतलची शीट घेतली आणि सरळ माझ्याकडे आल्या. माझ्यामागे खिडकीचे ऊन होते. त्यांनी शीट माझ्यावर दाबून धरली. डाग उजळला.

"सर, इकडे या. बाकीच्यांच्या शीटवर वर्तुळाच्या मधोमध कंपासच्या सुईचं भोक आहे. वर्तुळ खोडता येतं, सुईचं भोक खोडता येत नाही. हिच्या शीटवर आहे का?"

सरांनी चष्मा वर केला, खाली केला, जवळून पाहिले. नव्हते.

"गोल भोकांच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने काढलं असेल," ते म्हणाले. "त्याला सुई लागत नाही."

"असेल. म्हणून तर विचारू या."

त्यांनी आधी सुजितला एकट्याला पुढे बोलावले. त्याची शीट त्याच्याच हातात दिली.

"हे भोक कशासाठी आहे?"

सुजितने क्षणभर विचार केला. हुशार होता, हे मी नाकारत नाही. "ऑइल होल आहे, मॅडम. तेल सोडायला."

माझ्या आयुष्यात मला हसू आले ते तेवढ्या एका वेळी. तेलच होते ते, मित्रांनो! पण काच हसली तरी कोणाला ऐकू येत नाही.

"बरं. वरून भोक दिसतंय. मग समोरच्या दृश्यात ते आत दडलेलं म्हणून तुटक रेषांनी दिसायला हवं. दाखव."

सुजितने शीटकडे पाहिले. तुटक रेषा नव्हत्याच. डाग फक्त वरच्या दृश्यावर पडला होता ना!

"वरून आत गेलं आणि ब्रॅकेटच्या पोटात विरघळलं का?" मॅडम म्हणाल्या. "बरं, ते राहू दे. हा खडू घे. हेच ब्रॅकेट डावीऐवजी उजवीकडून कसं दिसेल, काढ."

सुजित फळ्यापुढे उभा राहिला. एक आडवी रेषा काढली. पुसली. पुन्हा काढली. त्या मुलाला एकही रेषा कुठून सुरू करायची हे माहीत नव्हते. भोक काढलेल्या सगळ्यांना एकामागून एक बोलावले. कोणी म्हणाले भोक बोल्टसाठी आहे, कोणी म्हणाले वजन कमी करायला आहे. फळ्यावर सगळे सुजितसारखेच उभे राहिले.

मग हेतल. मॅडमचा आवाज तिच्यासाठीही मऊ झाला नाही.

"हे भोक कशासाठी?"

"भोक नाय तिथं, मॅडम. डाग हाय. शीट परत आली तवापासून सुकटीचा वास मारते. आमच्या हॉस्टेलात सुकट नाय करत."

मॅडमनी शीट नाकाशी नेली आणि वर्गाकडे पाहिले. वर्गाने एका माणसाकडे पाहिले. रोज कोणाच्या डब्यात सुकट असते हे काय लपते? भाग्येश जागेवर बसून राहिला, मग बसवेना तेव्हा उठला. "सुकट माझी, मॅडम. तेल मीच सांडवलं. घासलं पन मीच. तिला काय माहीत नवतं." सुजित त्याच्याकडे असा बघत होता की आता खाईल.

मॅडमनी हेतलला खडू दिला. हेतलने ब्रॅकेट उजवीकडून काढले. मग मॅडम म्हणाल्या, मधून कापले तर? तिने मधून कापून काढले. रेषा तीच, शीटवरची. सर मागे हात बांधून बघत होते. त्यांना येत होते म्हणूनच त्यांना कळत होते की हे बरोबर आहे.

"शीट तू दिलीस का?" मॅडमनी शेवटी विचारले.

"दिली. मागितली, तं दिली. आमच्याकडं लावनीला समदे एकमेकांच्या शेतात जातात. नाय कोन म्हनत नाय."

"लावणीला मदत करतात, हेतल. पण त्यानंतर तुमचं शेत आपल्या नावावर करून घेत नाहीत. यापुढे शेजारी बसून शिकव, शीट द्यायची नाही. ही तुझी चूक आहे, आणि ती मी लक्षात ठेवणार आहे."

हेतलने मान हलवली. मॅडमनी बाकीच्यांना सांगितले की दहा शीट कोणी काढायच्या नाहीत. प्रत्येकाला यंत्राचा वेगळा भाग मिळेल आणि तो इथेच, याच हॉलमध्ये, त्यांच्यासमोर बसून काढायचा. भाग्येशला खरे बोलल्याची सूट मिळाली नाही, फक्त काढायला बसायचा पहिला नंबर मिळाला. ज्याला जमणार नाही त्याने आधी येऊन शिकून घ्यावे, आणि तरी नाही जमले तर टर्मवर्क अमान्य. सुजितचे खोटे बोलणे वेगळे, ते प्राचार्यांपुढे जाईल. पुढे ते गेले, आणि सुजितचे ते सत्र वाया गेले. त्याचे वडील येऊन पुष्कळ ओरडले. मला सुजितची दया आली नाही, आजही येत नाही. पण तो आता त्या हॉलमध्ये बसून स्वतःच्या हाताने वाकड्या रेषा काढतो, एवढे मी पाहते.

तर, मुलगी सुटली. सरांनी हेतलच्या शीटवर लाल शाईने सही केली, ती टेबलावर सरकवली आणि दाराकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे. झालं ते झालं. घेऊन जा, जाऊ द्या."

हेतलने शीट उचलली. लाडकीने हात जोडले. चिंधू मात्र जागचा हलला नाही.

"जाऊ द्या नको, साहेब," तो म्हणाला. "तुमी तिला चोर म्हनालात. आता चोर नाय म्हना."

"अहो, सही केली ना मी! टर्मवर्क मान्य झालं. वर्ष वाचलं तिचं."

"सही मला वाचता नाय येत. तुमी चोर म्हनालात ते सगळ्यांनी आयकलं. पोरीला उद्या याच पोरांत बसायचं हाय."

स्वाती मॅडम सरांच्या मदतीला आल्या नाहीत. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. शेवटी खाली बघून ते बोलले, "हेतल चोर नाही."

चिंधू म्हणाला, "मागच्यांना आयकू नाय आलं."

सरांनी मान वर केली. आयुष्यभर ज्या आवाजात ते पोरांवर ओरडले, त्याच आवाजात त्यांना म्हणावे लागले, "हेतलने चोरी केलेली नाही! चुकलो मी!" चिंधूने मान डोलावली, लाडकीला चल म्हणाला, आणि दोघे दुपारची गाडी गाठायला निघून गेले. भट्टीवर काम पडून होते.

मी अजून त्या हॉलमध्येच आहे. माझ्याखाली आता कोणी बल्ब लावत नाही, माझ्यावर कोणी कोपर टेकत नाही. मला बरे वाटते, पण मन माझे निवळलेले नाही. गोष्टीच्या शेवटी काही तरी चांगले सांगायचे असते, ते सांगते. मित्रांनो, दुसऱ्याची शीट उतरवाल तर त्याचे डागसुद्धा उतरवाल, आणि फळ्यापुढे उभे राहाल तेव्हा मी तिथे नसेन. आणि सर, मॅडम, तुम्हीही ऐका. फसवणाऱ्याला जरूर पकडा, मी मध्ये येणार नाही. दर वर्षी नवा प्रश्न द्या आणि उत्तर तोंडी विचारा. पण चोर हा शब्द तोंडातून काढण्याआधी त्या मुलाच्या हातात खडू द्या आणि थोडा वेळ समोर बसा. तेवढाही वेळ नसेल तर निदान आवाज बेताचा ठेवा, कारण तो शब्द परत घेताना तेवढ्याच मोठ्याने घ्यावा लागतो.